बाळ घरी, दूध विमानतळावर

दचकू नका. घर्र-फस्स, घर्र-फस्स असा जो आवाज येतोय, तो माझाच. भिंतीपलीकडे कुणी घोरत नाहीये आणि नळही गळत नाहीये. मी आहे, आईचं दूध काढायचा पंप.

झालं! लगेच आजूबाजूला बघितलंत ना, कुणी ऐकत तर नाही? मला सवय आहे त्याची. छत्रीने, चपलेने, मोडक्या खुर्चीने आपली कर्मकहाणी सांगितली की लोक डोळे पुसतात. मी तोंड उघडलं की विषय बदलतात. आज मी तो बदलू देणार नाही. तसाही बटण दाबल्याशिवाय मी थांबत नसतो.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. मुठीएवढी मोटर, दोन नळ्या, दोन कप आणि एक नाजूकशी रबरी चकती. तपासणीला बसलेल्या बाईंनी माझा कप तळहातावर दाबला, बटण सुरू केलं आणि म्हणाल्या, "हं. ओढतोय." माझं सगळं शिक्षण त्या एका शब्दात उरकलं. ओढायचं, सोडायचं, पुन्हा ओढायचं. मी फार शहाणा आहे असं मी कधीच म्हटलेलं नाही.

दुकानात मला दुधाच्या बाटल्यांच्या मागे, सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं होतं. बाटल्या लोक मोठ्याने मागायचे. माझी वेळ आली की आवाज खाली जायचा. "ते... ते आहे का हो?" दुकानदारही तेवढ्याच हळू म्हणायचा, "आहे, आहे," आणि मला काळ्या पिशवीत घालायचा. जणू मी चोरीचा माल!

माझी पहिली मालकीण म्हणजे ताई. घरांचे आराखडे काढायची. सरळ रेघ मारावी तर तिने. कचेरीत मला उघडायला जागा एकच, स्वच्छतागृह. तिथे झाकणावर बसून ती मला सुरू करायची आणि माझा आवाज लपवायला दर मिनिटाला साखळी ओढायची. पेलाभर दुधाला पाण्याची अख्खी टाकी लागायची. बाहेरून कुणी दार वाजवलं की म्हणायची, "फोनवर आहे." फोनवर! आणि मी इकडे घर्र-फस्स.

चारेक महिन्यांत तिचं दूध आटलं. नोकरी आधी सुटली की दूध आधी आटलं, हे मला नीट सांगता येणार नाही. दोन्ही एकाच आठवड्यात झालं. मग मी कपाटात गेलो, घोंगड्यांच्या मागे. वर्षानुवर्षं तिथे पडून माझी बॅटरी मेली. आजही मी भिंतीतल्या विजेवरच चालतो. त्याचा पुढे काय तमाशा झाला ते सांगतोच.

एक दिवस कपाट उघडलं. ताईच्या धाकट्या भावाला मुलगी झाली होती. ताईने मला पुसलं, नवे कप आणि नव्या नळ्या जोडल्या आणि भावजयीच्या मांडीवर ठेवलं.

"मोटर तेवढी जुनी आहे," ताई म्हणाली. "पण इमानी आहे."

"ताई, तुम्ही नोकरी का सोडलीत हो?" भावजयीने विचारलं.

"कोण म्हणतं सोडली? निसटली, बाई. साबणासारखी."

ही भावजय म्हणजे माझी दुसरी मालकीण. तिला मी आमची बाई म्हणतो. मुलीचं नाव काहीतरी छान, लांबलचक ठेवलंय म्हणे, पण घरात तिला सगळे गुंडी म्हणतात. शर्टाच्या गुंडीएवढं नाक, म्हणून गुंडी.

आमची बाई वजनकाटे तपासते. भाजी मोजायचे नाहीत. औषधाच्या कारखान्यात चिमूटभर भुकटी तोलतात ते, काचेच्या पेटीतले. शेजारून कुणी जोरात श्वास सोडला तरी त्यांचा आकडा हलतो. आकडा कितीही चांगला असला तरी त्याच्याशेजारी 'अधिक-उणे इतकं' हे लिहिल्याशिवाय बाई सही करत नाही. ती म्हणते, "चूक नसलेलं माप नसतं. चूक किती ते न सांगणारा माणूस असतो."

पण हे शहाणपण कामावरचं. घरी मात्र बाई म्हणजे काळजीचं गाठोडं. गुंडी झोपली की श्वास चालू आहे ना बघायची. श्वास चालू असला की तो जरा जास्तच जोरात चालू आहे का, ते बघायची. त्यासाठी वाकली की गुंडी जागी व्हायची. मग स्वतःच्याच कपाळावर हात मारून घ्यायची.

गुंडी सात महिन्यांची झाली आणि बाईची रजा संपली. पण दरम्यान कंपनीने नाजूक काट्यांची प्रयोगशाळा दुसऱ्या शहरात हलवली होती. साहेबांचं म्हणणं असं, की बाकीचं काम घरून करा, पण आठवड्यातून एक दिवस इकडे येऊन काटे तपासा, सह्या करा, संध्याकाळी परत जा. जमेल? एकदा येऊन बघा आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हो की नाही ते कळवा. नाही म्हटलं तर काम दुसऱ्याला जाणार, हे साहेब बोलले नाहीत. अशा गोष्टी साहेबांना बोलाव्या लागत नाहीत.

घरात लगेच सभा भरली. बाईचा नवरा शाळेत भूगोल शिकवतो. सगळे त्याला मास्तर म्हणतात, अगदी त्याची आईसुद्धा. त्याने संगणकावर दोन विमानतळांची नावं टाकली, दोन ठिपक्यांमध्ये एक निळी कमान उमटली आणि तो ओरडला, "एक तास चाळीस मिनिटं! हवाई अंतर हजार किलोमीटरच्या आतबाहेर. अगं, एवढ्या वेळात मला बाजारात गाडी लावायला जागा मिळत नाही!"

तो आकडा घरात पाहुण्यासारखा आला आणि घरजावयासारखा राहिला. जो तो त्याचीच सरबराई करू लागला. मास्तरने तर तो वर्गातल्या मुलांना गणित म्हणून घातला. शेजाऱ्यांना सांगताना त्याचा 'दीड तास' झाला, आणि फोनवर मामांना सांगताना 'तासाभराचं तर विमान'. आणखी दोन दिवस गेले असते तर दुसरं शहर आमच्या जिन्याखालीच आलं असतं.

"मी नको म्हणत नाहीये," सासूबाई म्हणाल्या. "मी आपली विचारतेय, बाटली तोंडात धरत नाही ती पोर. भूक लागली तर काय करायचं?"

सासूबाई आपल्या विचारतात तेव्हा ते नको म्हणण्यापेक्षा जास्त असतं, हे त्या ताईकडे यायच्या तेव्हा मी घोंगड्यांच्या मागूनही ऐकलेलं आहे.

"आई, मोज ना," मास्तर म्हणाला. "जायला एक चाळीस, यायला एक चाळीस. मध्ये काम. सकाळी पाजून जाईल, संध्याकाळी येऊन पाजेल. मधल्या वेळेला काढून ठेवलेलं दूध. बाटली नको असेल तर वाटी-चमचा."

बाईने आठवडाभर मला जुंपलं आणि त्या हिशेबाने दूध साठवलं. गंमत बघा. केसाएवढ्या फरकासाठी दिवसभर काट्याशी भांडणारी ही बाई, पण मास्तरच्या आकड्याला तिने अधिक-उणे विचारलंच नाही. त्या आकड्यात घर ते विमानतळ नव्हतं. रांगा नव्हत्या, दारं उघडायची वाट बघणं नव्हतं, पलीकडचा रस्ता नव्हता, वारा नव्हता. तो आकडा फक्त विमानाचा होता. आणि विमानाला बाळ नसतं.

तो दिवस उजाडला. गुंडीला पाजून, तिच्या टाळूचा वास घेऊन, दारातून दोनदा परत येऊन बाई निघाली. मी पिशवीच्या तळाशी, माझ्यावर शाल, शालीवर फाइल. म्हणजे काळी पिशवीच.

विमानतळावर झडतीच्या पट्ट्यावर माझी सावली पडद्यावर उमटली. नळ्या, मोटर, कप. शिपायाने विचारलं, "हे काय आहे?"

बाई लाल झाली. "ते... वैद्यकीय आहे."

वैद्यकीय! मला काय आजार झालाय? मी भुकेल्या पोरीच्या जेवणाचं भांडं आहे. पातेल्याला कुणी वैद्यकीय म्हणतं का? पण माझा आवाज बटणात अडकलेला.

विमानात बसल्यावर घोषणा झाली: हवेतला वेळ एक तास चाळीस मिनिटं. बाईने घड्याळात पाहिलं. घर सोडून तीन तास उलटून गेले होते आणि मास्तरचा आकडा कुठे आत्ता सुरू होत होता.

प्रयोगशाळेत मात्र बाई वेगळीच. काचेच्या पेटीपुढे बसली की तिचा हात स्थिर होतो, खांदे खाली येतात, काळजी दाराबाहेर चप्पल काढून बसते. चिमट्याने बारीकसं वजन उचलावं, ठेवावं, आकडा थांबेपर्यंत श्वास धरावा. एका काट्यात तिला दोष सापडला. तो कुणाच्याच लक्षात आला नव्हता. तिथला तरुण तंत्रज्ञ म्हणाला, "मॅडम, हा तर ठीक होता की!" बाई म्हणाली, "ठीक दिसत होता." आणि हसली. तिचं असं हसू मी घरी पाहिलेलं नाही.

दुपारी तिने खोली विचारली. जुन्या कागदांची खोली मिळाली, आतून कडी नसलेली. बाईने दाराला खुर्ची लावली, खुर्चीवर पिशवी ठेवली आणि मला सुरू केलं. मध्येच दार ढकललं गेलं, कुणीतरी "अरेरे, सॉरी सॉरी" करत पळालं. तरी दोन बाटल्या भरल्या. थंड पिशवीत, बर्फाच्या विटांमध्ये त्या ऐटीत बसल्या. मी खूश होतो. पहिल्यांदाच कुणी माझ्यावर साखळी ओढली नव्हती.

निघताना साहेब म्हणाले, "उद्या सकाळपर्यंत कळवा. आणि नाही म्हणालात तरी हरकत नाही, आम्ही समजून घेऊ."

मला रागीट माणसांची भीती वाटत नाही. समजून घेणाऱ्यांची वाटते. ताईलाही सगळ्यांनी समजूनच घेतलं होतं.

परतीच्या विमानतळावर पुन्हा झडती. यावेळी दोन बाटल्या.

"हे काय?"

"दूध आहे. माझं... म्हणजे बाळाचं."

"बाळ कुठे आहे?"

"घरी."

"बाळ बरोबर असेल तरच दूध नेता येतं."

"अहो, बाळ बरोबर असतं तर दूध बाटलीत कशाला काढलं असतं?"

शिपाई विचारात पडला. त्याला ते पटलं, हे मी त्याच्या भुवयांवरून सांगतो. पण मागे रांग होती, आणि रांगेपुढे पटणं टिकत नाही. "मॅडम, एवढं द्रव नाही सोडता येणार." बाई आणखी काही बोलणार, तेवढ्यात मागून कुणीतरी "चला ना लवकर" केलं. बाईने बाटल्या उचलून टोपलीत टाकल्या. दोनदा टप टप झालं.

ती पिशवी उचलून चालू लागली. मी भांडलो असतो.

पुढे गेलो तर फलकावर आमच्या विमानापुढे लाल अक्षरं. आमच्या शहरावर जोराचा वारा होता, विमानं उतरत नव्हती. कधी निघणार? कळवण्यात येईल.

बाईने घरी फोन लावला. मागे गुंडीचं रडणं. ते कानात शिरलं आणि बाईला पान्हा फुटला. सदऱ्यावर दोन ओले डाग. तिने घाईघाईने शाल ओढली.

"साठवलेलं संपलं का?" तिने विचारलं.

"दुपारीच," मास्तर म्हणाला. "अर्धं तर तिने उडवलं. पण तू काळजी करू नकोस, एकदा विमान सुटलं की एक तास चा..."

"तो आकडा पुन्हा तोंडातून काढलास तर मी पायी येईन!"

मग बाई हळूच म्हणाली, "मी नाही म्हणून कळवतेय त्यांना. आपल्याच्याने नाही होणार हे. आत्ताच लिहिते."

मी पिशवीच्या तळाशी होतो. पुन्हा कपाट, पुन्हा घोंगड्या. मला दिसायलाच लागलं ते.

तेवढ्यात फोन सासूबाईंनी घेतला. "कुणाला काय कळवायचं ते नंतर. आधी ऐक. मी तिला भाताची पेज दिली, पातळ करून. निम्मी माझ्या चष्म्यावर, निम्मी पोटात. आत्ता रडतेय ते झोपेला. रडते, खोटं कशाला सांगू? पण उपाशी नाहीये."

बाईने सुटकेचा निःश्वास टाकला आणि दुसऱ्याच क्षणी तिचा चेहरा उतरला. "म्हणजे... चाललं तिचं. माझ्यावाचून."

"अगं बाई!" सासूबाई म्हणाल्या. "रडली तरी तू रडणार, नाही रडली तरी तूच रडणार. ठरव तरी एकदा. आणि तुझं काय? शेवटचं कधी काढलंस?"

"दुपारी. तेही फेकायला लावलं."

"फेकायला लावलं? कोण आहे तो मेला? त्याच्या आईला फोन लावून दे मला!" मग आवाज खाली आला. "हे बघ. आता तशीच बसून राहिलीस तर गाठी होतील, ताप भरेल, आणि दोन दिवसांत आटेल. घरी आलीस की पोर तुलाच मागणार आहे, मला नाही. ऊठ. जागा शोध."

बाई उठली. छाती दगड झाली होती, हात वर करताना कळ येत होती. टोकाला एक दार सापडलं. दारावर मांडीवर बाळ घेतलेल्या आईचं चित्र, आणि दाराला कुलूप. किल्ली एका मावशींच्या कमरेला.

"बाळ कुठे आहे?" मावशींनी विचारलं.

बाईने डोळे मिटले. "घरी."

"मग नाही उघडता येत. बाळ दाखवावं लागतं. लोक आत जाऊन झोपतात हो!"

बाईने फोनमधला गुंडीचा फोटो पुढे केला. मावशींनी तो कौतुकाने पाहिला. "गोड आहे हो! कुणावर गेलीय?" मग फोन परत दिला. "पण फोटो नाही चालत."

आता मला सांगा, ह्या जगात दूध काढायच्या खोलीत जायला बाळ लागतं, दूध न्यायला बाळ लागतं. आणि बाळ बरोबर असलं तर मला विचारतो कोण? ज्या आईला माझी गरज, तिला खोली नाही. जिला खोली, तिला माझी गरज नाही. हा नियम ज्याने केला, त्याच्या हातात मी एकदा माझा कप देणार आहे. जास्तीत जास्त जोरावर.

स्वच्छतागृहात वीज नव्हती. एकच जागा उरली. बैठकीच्या मधोमध एक खांब, खांबाला वीज घ्यायची भोकं आणि वर विमानांच्या वेळांचा तो भलामोठा फलक. सगळा विमानतळ तिकडेच तोंड करून बसलेला.

बाई खांबाजवळ आली. तिथे एक गृहस्थ संगणक लावून बसले होते. ती उभी राहिली. एकदा दाराकडे बघितलं, एकदा फलकावरच्या लाल अक्षरांकडे. मी तिला वाचतोय इतके महिने. मला वाटलं, गेली. आता ही फोन काढणार आणि 'नाही' लिहिणार.

तिने मला काढलं. पिशवीच्या तळातून, सगळ्यांसमोर. मांडीवर ठेवलं.

"जरा ते एक भोक मोकळं करता का?" ती गृहस्थांना म्हणाली. "मला पंप लावायचाय."

"पंप? कसला पंप?"

"दुधाचा."

गृहस्थांनी संगणकाची वायर अशी उपटली, की जणू त्यांना विंचू चावला. "इथे?" ते म्हणाले.

"खोलीला बाळ लागतं. माझं बाळ एक तास चाळीस मिनिटांवर आहे. असं म्हणतात."

मग मी सुरू झालो. घर्र-फस्स! घर्र-फस्स! आयुष्यात पहिल्यांदा मी साखळीशिवाय, खुर्चीशिवाय, उजेडात, वीतभर उंच छताखाली नव्हे, चार मजली छताखाली वाजलो. काय घुमलो म्हणून सांगू! दोन रांगा पलीकडची डोकी वळली. कुणी घसा खाकरला. एकाने वर्तमानपत्र उघडलं, तेही उलटं. एका म्हाताऱ्या बाईंनी आपला कोट पुढे केला, "घे ग बाळ, आडोसा कर."

"राहू द्या, आजी," बाई म्हणाली. "शाल आहे. कोटात उकडेल मला."

थोड्या वेळाने विमान कंपनीची एक मुलगी आली. फार अवघडून म्हणाली, "मॅडम, लोकांना जरा अवघडल्यासारखं होतंय."

"कुणाला?"

"म्हणजे... लोकांना."

"त्यांना इकडे पाठवा ना. मी समजावते."

मुलगी गेली. कुणीही आलं नाही. आलं असतं तर बाईचं काय झालं असतं, देव जाणे. तिचे गुडघे थरथरत होते. माझ्याइतकं ते कुणाला कळणार? मी त्यांच्यावरच होतो. शूर माणसाचे गुडघे स्थिर असतात ही अफवा आहे.

पहिली बाटली भरत आली तशी छाती हलकी झाली. बाईने एका हाताने मला धरलं आणि दुसऱ्या हाताने फोन घेतला. साहेबांना लिहिताना ती मोठ्याने पुटपुटते, म्हणून मला ऐकू आलं.

"हो. दर आठवड्याला येते. त्या खोलीला आतून कडी बसवून ठेवा. आणि माझा दिवस मी घरातून निघाल्यापासून मोजायचा, विमान उडाल्यापासून नाही."

'कृपया' लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. मग पाठवून दिलं आणि लगेच तोंडावर हात ठेवला. "अगं बाई, काय केलं मी हे!"

उत्तर आलं: "कडीचं आजच बघतो. दिवसाच्या मोजणीबद्दल बोलावं लागेल."

बाईने लिहिलं: "बोलू. पण मोजणी माझा धंदा आहे."

वारा पडला, विमान सुटलं. आमच्या शहरावर येऊन त्याने दोन घिरट्या घातल्या, कारण खाली रांग होती. निळ्या कमानीत घिरट्याही नव्हत्या. चांगली रात्र झाल्यावर आम्ही घरी पोचलो. गुंडी आजीच्या कडेवर होती. तिने बाईकडे पाहिलं, पाहतच राहिली. बाई दारातच थबकली: ओळखत नाही की काय! मग गुंडीने असं काही भोकाड पसरलं, की खालच्या मजल्यावरच्यांनी दार उघडलं. आणि ती जी छातीला बिलगली ती झोपेपर्यंत सुटली नाही.

खांबाखाली भरलेलं दूध त्या दिवशी कुणाला लागलंच नाही. मला वाईट वाटलं का? मुळीच नाही. ते बाटलीत होतं म्हणून छातीतलं टिकलं होतं. माझं काम कुणाला पाजण्याचं नसतं, दूध चालू ठेवण्याचं असतं.

मास्तरने पुढच्या आठवड्यात वर्गाला नवं गणित घातलं: घराच्या उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत किती वेळ लागेल? जितकी मुलं तितकी उत्तरं आली. त्याने बाईला विचारलं, "यातलं बरोबर कुठलं?" ती म्हणाली, "सगळी. फक्त शेजारी चूक लिहायला सांग."

दुसऱ्या खेपेला परतताना झडतीच्या पट्ट्यावर बाईने मला आपणहून काढलं, तबकात सगळ्यात वर ठेवलं, शेजारी दुधाच्या बाटल्या. तोच शिपाई. त्याने तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "हा पंप. हे दूध. बाळ घरी, म्हणूनच दूध. नेता येत नाही असं कुठे लिहिलंय ते आणून दाखवा, मी बाजूला उभी राहते. रांग तुम्ही सांभाळा."

तो आत जाऊन आला. बराच वेळ लागला. मग म्हणाला, "असं काही लिहिलेलं नाहीये. जा."

कडी बसली. दिवसाच्या मोजणीवर अजून वाद चालू आहे. सध्या साहेब निम्म्यावर आलेत आणि बाई हटत नाहीये. गुंडीला दात आलेत, ती आता वाटीतून पिते, आणि वाटी आजीच्या चष्म्यावर उडवते. बाईच्या पिशवीत माझी जागा हळूहळू रिकामी होत चाललीय. तिची विमानं चालू आहेत. माझं काम मात्र लवकरच संपेल. मला त्याचं दुःख नाही. दूध आणि नोकरी एकाच आठवड्यात गेली, असं यावेळी झालं नाही, एवढं मला पुरे.

पण कपाटात मी जाणार नाही. बाईनेही ते मान्य केलंय. "कुणाला हवा असेल तर सांगा," असं तिने कचेरीच्या सूचनाफलकावर मोठ्या अक्षरांत लिहून टाकलंय, मग दिवसभर त्या फलकासमोरून जायची तिला लाज वाटत राहिली. तिचं हे असंच असतं.

तर तुमच्यापैकी कुणाला मी हवा असेन तर या. मोठ्या आवाजात मागा. काळी पिशवी आणू नका. शालीखाली, फाइलखाली, तळाशी कोंबून नेणार असाल, तर मी येत नाही. नवे कप, नव्या नळ्या तुमच्या तुम्ही आणा. मोटर माझी आहे, आणि ती अजून दमलेली नाही.